तीन घाट आणि एक न आलेला तारा

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच कळलं नाही, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर पेन हातात आलं ते रेशनच्या दुकानात सही करायला, नाहीतर पिठाच्या डब्यावर नाव घालायला. जोडाक्षर आलं की जमेल तसं लिहिलं आहे, वाचणारीने समजून घ्यावं.

वाचणारी एकच आहे, माझी धाकटी जाऊ सुमन. आम्ही पुण्याला गेलो तेव्हा गुरं बघायला ती एकटी वाडीवर राहिली. तेव्हापासून विचारते, "जाऊबाई, काय बघितलंत गो?" मला चार माणसांत बोलता येत नाही. सुमनसमोरही मोठी गोष्ट सांगायची म्हटली की अर्ध्यावर उठून चुलीकडे जाते. म्हणून लिहून देते. शेवट तिला अर्धा माहीत आहे, उरलेला अर्धा माझ्याकडे आहे. वाचून झालं की ठेवावं, नाहीतर चुलीत घालावं.

कशाला गेलो

माझी मुलगी प्रणाली पुण्याला आकाशाचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत असते. आमच्या वाडीत फोन लागतो तो फक्त देवळाच्या वरच्या कातळावर. श्रावणाच्या तोंडावर तिथे छत्री धरून उभी होते तेव्हा ती म्हणाली, "आई, तू ये. मला एकटीने बघवणार नाही."

काय बघवणार नाही, ते तिने तीन वेळा सांगितलं आणि तिन्ही वेळा वाऱ्याने छत्री उलटी केली. मला कळलं ते असं. फार लांब एक तारा फुटला. त्याचा उजेड आपल्याकडे येताना वाटेत एका मोठ्या घोळक्याला वळसा घालून तीन वाटांनी येतो. दोन वाटांनी येऊन गेला, लोकांनी बघितला. तिसऱ्या वाटेने यायचा आहे. तो कधी येईल, त्याची गणितं केली आहेत. तिच्या मॅडम म्हणतात श्रावणात. प्रणाली म्हणते दिवाळीनंतर, शिमग्याच्या आत. तिचं गणित चुकलं तर इतक्या वर्षांचं काम पहिल्यापासून, आणि शिष्यवृत्ती तर संपत आलेली.

"मग श्रावणात मी येऊन काय करू? दिवाळीनंतर येते."

"श्रावणात तो दिसायला नको, आई. ते बघायला ये."

नसलेलं बघायला एवढा प्रवास करणारी आमच्या वाडीतली मी पहिलीच असेन.

महाड स्टँड

निघालो त्या दिवशी पावसात समोरची गाडी ओळखू येत नव्हती. मी, हे, आणि सुमनचा नवरा, म्हणजे माझे दीर गणपत भावजी. सोबत तांदळाची गोणी, नाचणीचं पीठ, आमसुलं आणि डब्यात घावणे. वरंध घाटाची गाडी धरायची, भोरवरून पुणे, असं ठरलं होतं. स्टँडवर कळलं की घाटात दरड आली आहे, एसटी जाणार नाही. तळीये गाव दरडीखाली गेलं तेव्हापासून आमच्याकडे पावसात कुणी डोंगराशी वाद घालत नाही. मी म्हणणार होते, उद्या जाऊ. पण माझं बोलणं माझ्या तोंडापर्यंत येतं तोवर बाकीच्यांचं ठरून गेलेलं असतं.

"मोठ्या गाड्यांना बंद हाय. जीपला कोण अडवतो?" हे म्हणाले. ओळखीचा जीपवाला उभाच होता आणि त्याच्याकडे एकच जागा होती. "मी जातो पुढं. पोरीला सांगतो तू येतेस म्हणून. तू ताम्हिणीच्या गाडीत बस. ती लांबनं जाते, पण बसायला मिळतं."

"आणि गोणी?"

"गोणी तुझ्याबरोबर. जीपमधी जागा नाय."

भावजी म्हणाले, "मग मी फटफटीनं पोलादपूरवरनं आंबेनळी चढतो. महाबळेश्वरला जरा काम हाय."

"एवढ्या पावसात भावजी?"

"रेनकोट हाय ना वैनी."

त्यांचं काम काय होतं ते अजून कळलेलं नाही. सुमन, तूच विचार.

असे आम्ही एका घरातले तिघे, एकाच ठिकाणी जाणारे, तीन घाटांनी निघालो. यांनी माझ्या हातात तिकिटापुरते पैसे ठेवले, "बायकांना अर्धंच हाय, पुरतील," म्हणाले आणि जीप गेली. पाकीट यांच्या खिशात गेलं. माझ्या बटव्यातली मोड यांनी स्टँडवरच्या चहाला आधीच काढून घेतली होती, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

ताम्हिणी

घाटात दोन्ही बाजूंनी पाणी कोसळत होतं आणि पुण्याची माणसं गाड्या रस्त्यात लावून त्याखाली नाचत होती. पाणी आमच्याकडेही पडतं. आम्ही ते गढूळ तर झालं नाही ना, एवढंच बघतो आणि गढूळ दिसलं की दरडीच्या भीतीने शाळेत जाऊन झोपतो. नाचायचं कुणाला सुचलेलं नाही.

माणगावपासून मला गाडी लागली होती. वर गाडी टपरीपाशी थांबली तेव्हा बरं वाटलं आणि भूक लागली. घावणे पोरीचे, त्यांना हात लावायचा नव्हता. टपरी एका बाईची होती, तिचं नाव रखमा. तिने गरम कांदाभजी आणि आल्याचा चहा दिला. आमच्याकडे चहात गवती चहा घालतात. तिचा नुसता आल्याचा, पण पोटाला लागला. खाऊन झाल्यावर बटवा उघडला तर आत सुपारीचं एक खांड आणि देवीचा अंगारा.

मी बटवा उलटा केला. मग पिशवी बघितली, तांदळाच्या गोणीत सुद्धा हात घातला, जसे काय पैसे तिथे उगवणार होते. कंडक्टर घंटी वाजवत होता. मागचे लोक बघत होते.

रखमाच म्हणाली, "जाऊ द्या ताय. येताना द्या."

"आमच्या यांच्याकडं पाकीट हाय," एवढंच मी बोलले.

"आणि हे कुठं हायती?"

"दुसऱ्या घाटात."

ती एवढी हसली की तिच्या हातातला झारा कढईत पडला. मला हसू आलं नाही. पुढच्या सगळ्या वाटेत ती भजी माझ्या घशाशी होती.

पुणे

गोणीसकट पहिली पोचले ती मी, लांबच्या रस्त्याने आलेली. प्रणाली न्यायला आली होती. बाबा पुढे येऊन सांगणार होते, असं म्हटल्यावर तिने इकडेतिकडे बघितलं. बाबा नव्हते. तिच्या खोलीवर जाऊन भात टाकला तेव्हा भावजी आले, चिखलाने माखलेले. हे आले ते दिवेलागणीला, अंगाला कोरडे आणि पोटाला तुडुंब.

"दरड?" मी विचारलं.

"दरड कसली, जीप बाजूनं निघाली. वाटेत अक्काचं घर नाय का? बहिणीच्या दारावरनं न थांबता कसा जाणार? तिनं वडे केले, काळ्या वाटाण्याची आमटी केली. पाऊल बाहेर टाकू देईना."

जवळचा रस्ता धरलेला माणूस सगळ्यात शेवटी, आणि त्याच्याच खिशात पाकीट! टपरीवर माझं काय झालं ते मी सांगितलं. हे म्हणाले, "मग त्यात काय? येताना देऊ." या माणसाच्या तोंडून "मग त्यात काय" ऐकत माझे केस पांढरे झाले.

प्रणाली मात्र हसत सुटली. तिने कागद घेतला. एका टोकाला महाड लिहिलं, दुसऱ्या टोकाला पुणे, मधे डोंगर काढला.

"आई, महाड म्हणजे माझा तारा. पुणे म्हणजे आपण. मधे हा डोंगर. सरळ कुणालाच जाता येत नाही. उजेडालाही नाही. म्हणून तो असा, असा आणि असा येतो. निघाला एकदाच, पण पोचतो तीनदा. कोण किती वळला आणि कोण किती उशिरा आला, यावरून मधल्या डोंगराचं वजन काढायचं. तेवढंच माझं काम."

"डोंगर दिसतोय की. वजन कशाला काढायचं?"

"तेच तर आहे. तो दिसत नाही. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांची गावं समज. अशी शेकडो गावं एकत्र आली की त्यांचा समूह होतो. तो दिसतो, पण नुसत्या त्याच्या वजनाने उजेड एवढा वाकणार नाही. म्हणजे तिथे न दिसणारं पुष्कळ काही आहे. त्याला कृष्ण पदार्थ म्हणतात. तो काय आहे ते कुणालाच ठाऊक नाही."

"काय हाय ते ठाऊक नाय, आणि वजन काढता?" भावजी म्हणाले. पहिल्यांदा मला त्यांचं पटलं.

"काढतो, काका. गोणीत काय आहे ते न बघता गोणी उचलून वजन कळतं की नाही?"

मग तिने तिसऱ्या वाटेजवळ एक टिंब काढलं. "मॅडमनी या जागी काही धरलं नाही, कारण इथे काही चमकत नाही. पण इथे फोटोत उजेडाच्या ज्या कमानी दिसतात त्या थोड्या जास्त वाकल्या आहेत. इथे एक लहानसा ढीग असणार. लहान आहे, पण अगदी वाटेलगत. त्याच्यामुळे या वाटेचा उजेड उशिरा येणार. हे मी दोन वर्षांपासून सांगते आहे."

भावजींनी टिंबाकडे बघितलं, मग यांच्याकडे. "आत्याचं घर हाय म्हण की ते."

तेव्हापासून आमच्या घरात त्या काळ्या टिंबाचं नाव आत्याचं घर.

संस्थेत

दुसऱ्या दिवशी फोटो येणार होता. मी चांगलं लुगडं नेसले, मोठी दुर्बीण बघायला मिळणार म्हणून. दुर्बीण नव्हतीच. दुर्बीण म्हणे पृथ्वीच्या बाहेर फिरते आणि फोटो तारेवरून येतात. इथे नुसत्या खोल्या, थंडगार, आणि खोलीत संगणकासमोर बसलेली पोरं. झाडं मात्र छान होती. उपाहारगृहात पोहे खाल्ले, त्यांवर खोबरं औषधालाही नव्हतं आणि साखर मात्र होती. यांनी दोन बशा खाल्ल्या.

मॅडम माझ्याहून थोड्या लहान असतील. साधी सुती साडी, पायात बूट. मला बघून उठून उभ्या राहिल्या, त्याने मी आणखीच अवघडले.

"काकू, तुमची मुलगी माझ्याशी दोन वर्षं भांडते आहे, तुम्हाला माहीत आहे का?"

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मलाही कळलं नाही.

"मी चुकले तर मला आवडेल," त्या म्हणाल्या. "पण चुकायला हवं."

पडद्यावर आधीचा जुना फोटो होता. तो मात्र बघण्यासारखा होता, सुमन. काळ्यावर पिवळट ठिपक्यांचा घोळका, आणि त्याच्या भोवती निळसर वाकडे तुकडे. बांगडी फुटल्यावर अंगणात पडतात ना, तसे. प्रणालीने दाखवलं, हा तुकडा आणि तो तुकडा आणि पलीकडचा, तिन्ही एकच दीर्घिका आहे. एकच गाव तीन जागी दिसतं. मी म्हटलं, मग खरं कुठलं? ती म्हणाली, तिन्ही खरी, आणि जिथे दिसतात तिथे एकही नाही. पुढे मी विचारायचं सोडून दिलं.

मग नवा फोटो आला. इतका वेळ बडबडणारी सगळी पोरं पडद्याभोवती गोळा झाली. प्रणालीने माझा हात धरला. मॅडमनी दोन फोटो शेजारी ठेवले, मोठे केले, आणखी मोठे केले, एका जागेवर बोट ठेवलं. त्या जागी नुसता काळोख होता. पुसलेली पाटी असते तसा.

त्या पुष्कळ वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "नाही आला."

आणि पोरं ओरडली. कुणी टेबल वाजवलं. प्रणाली माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. मला वाटलं, घात झाला.

"अगो, काय झालं?"

"नाही आला, आई!"

"मग रडतेस कशाला?"

"आनंदाने गं."

एवढा घाट चढून, उलट्या सोसून, उधारीची भजी खाऊन मी काय बघितलं, तर काही नाही. आणि काही नाही हे बघून माणसं पेढे वाटत होती.

मॅडम प्रणालीला म्हणाल्या, "अर्धंच जिंकलीस. माझ्या वेळेला आला नाही, म्हणून तुझ्या वेळेला येईलच असं नाही. दोघींचंही चुकलेलं असू शकतं." तशी तिच्या तोंडावरची हुशारी उतरली. मला त्या बाईचा राग आला. पण खरं तेच होतं.

परत

निघताना मी यांच्याकडून पैसे मागून घेतले, बटव्यात घातले आणि सांगितलं, "मी ताम्हिणीनेच जाणार. त्या बाईचे पैसे द्यायचे आहेत."

प्रणाली म्हणाली, "आई, ते मी देते. तारा आला की त्याच पावली जाऊन देते, माझ्या हाताने."

"दुसऱ्याच्या पैशांवर कसला नवस करतेस? आणि नाही आला तर?"

ती म्हणाली, "नाही आला तर तू दे."

हे लगेच म्हणाले, "ठरलं!" यांना काय, यांना असले खेळ आवडतात. माझ्या पोटातली भजी शिमग्यापर्यंत तशीच राहणार होती, त्याचं कुणाला काही नाही. मी मनात ठरवलं, गाडी थांबली की गुपचूप पैसे देऊन टाकायचे. पण घाट उघडला होता. यांनी मला वरंधच्याच गाडीत बसवलं, कारण वाटेत अक्का आहे. अक्काने पुन्हा वडे केले.

नंतर गणपती आले, गेले. दसरा झाला. भात कापून झोडून झालं. दर आठवड्याला मी कातळावर जायची.

"आला?"

"नाही गं."

दिवाळीपर्यंत हे "नाही" चांगलं होतं. दिवाळीनंतर तेच "नाही" वाईट झालं. शब्द तोच, आवाज बदलला. तुळशीचं लग्न झालं, पौष गेला. ती फोनवर हसायची बंद झाली. जेवलीस का विचारलं तर म्हणायची, हो. तिचं खोटं मला कातळावरूनही कळतं. माघात टॉवरच बिघडला आणि तेवढंही बोलणं बंद पडलं. हे म्हणाले, "येईल गो, वाटेत थांबला असेल." त्या दिवशी मी यांना आमटी वाढली नाही.

पुन्हा ताम्हिणी

शिमग्याच्या होळीची लाकडं रचायला लागले तेव्हा मला राहवेना. तारा येत नसेल तर नसेल, पण पोरगी तिकडे एकटी बसली आहे आणि मी इकडे पुरणाला डाळ निवडते आहे. मी यांना सांगितलं नाही, सुमनला सांगितलं आणि पहाटेची गाडी धरली. पैसे पदराच्या गाठीत बांधले. रखमाला द्यायचे, म्हणजे काय, ते मला कळत होतं. ठरल्याप्रमाणे मी द्यायचे ते तारा आला नाही तर. मीच ते कबूल करायला निघाले होते, पोरीच्या आधी. सगळ्या घाटात त्या गाठीवरून माझा हात निघाला नाही.

पाणी आटलं होतं, नाचणारे गेले होते, डोंगर तांबडे झाले होते. टपरी तिथेच होती. गाडी थांबल्याबरोबर मी उतरले आणि गाठ सोडायला लागले. घट्ट बसली होती, दाताने ओढली.

रखमाने मला ओळखलं. "अवो ताय! दुसऱ्या घाटातल्या!"

"तुमचे पैसे," मी म्हटलं.

"कसले पैसे? तुमची पोरगी आत्ताच देऊन गेली की."

"आत्ताच?" मी विचारलं.

"आत्ताच, खाली जाणाऱ्या गाडीनं. तुमची गाडी वर येत होती तेव्हा ती वळणावर असंल. म्हणाली, आईला फोन लागत नाय, आणि लागला असता तरी करायचा नव्हता. आईचं तोंड बघायचंय म्हणाली." तिने भज्यांचा घाणा उलटला. "कसला तारा आला म्हणं काल. मला काय कळलं नाय. आणि ताय, कुणाच्या आत्याचं घर सापडलं वो तिथं? चारदा म्हणाली, आत्याचं घर हाय तिथं, आत्याचं घर हाय तिथं. हसती काय, रडती काय."

मी बाकावर बसले. बघ सुमन, काय कर्म माझं! ती खाली उतरत होती माझं तोंड बघायला, आणि मी वर चढून इथे बसले होते. ती वाडीवर पोचून तुझं तोंड बघणार, माझं नाही. एकदा तरी या घरातली दोन माणसं एका रस्त्याने, एका वेळेला जातील का? रखमाला वाटलं मी रडते आहे. मी चिडले होते. दोन्ही असेल.

"उठू नका," ती म्हणाली, "खाली जाणारी गाडी येतेय अजून तासाभरानं. चहा घ्या."

मी गाठीतली नोट पुढे केली. तिने ती माझ्या मुठीत परत दाबली.

"त्याचेबी देऊन गेली. म्हणाली, आई माझं ऐकायची नाय, ती पैसे घेऊन येणार, तवा तिला माझ्याकडनं चहा द्या."

मी चहा घेतला. आल्याचाच होता. रखमाचं आता आमच्याकडे काही राहिलेलं नाही, सगळे पैसे पोचले.